अप्पा, हात तुझा चुकला नव्हता

अप्पा,

तुला समाधीत बसवलं तेव्हा मी अगदी काठावर उभा होतो. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग. सगळे तुझ्या तोंडाकडे बघून म्हणत होते, बसल्या बसल्या डोळा लागल्यासारखा दिसतोय. मी हातांकडे बघत होतो. घरच्यांनी घासून आंघोळ घातली होती, तरी नखांतली ऑइलची काळी रेघ तशीच होती. इतक्या वर्षांची रेघ एका आंघोळीत कशी जाणार? मग माती पडायला लागली आणि आधी हातच झाकले गेले.

मला त्या हातांबद्दल बोलायचं आहे. तू असताना बोलायला बावीस वर्षं होती. माझ्या नायगावहून तुझं मुरुड काही परदेशात नाही. सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. तरी बोललो नाही. आता तू ऐकू शकत नाहीस तेव्हा तोंड उघडतोय, हे तुझ्याआधी मला कळतं. ते मी लपवणार नाही. लपवून लपवून आता कंटाळा आलाय.

आपलं नायगावचं, दोघांच्या भागीतलं पत्र्याचं गॅरेज आठव. तू इंजिनाचं खालचं काम बघायचास, म्हणजे क्रँकचा दांडा, तो ज्यात फिरतो ती बेरिंगं आणि ऑइल पंप. मी वरचं बघायचो, हेड आणि डिझेलची लाइन. खालचं काम दिसत नाही, ते ऐकावं लागतं, असं तू म्हणायचास. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. डिपस्टिकवरचा ऑइलचा थेंब अंगठ्या-बोटात चोळून तू वास घ्यायचास तेव्हा गिऱ्हाइकं हसायची.

“काय अप्पा, भजे तळायचेत का?”

“डिझेल उतरलंय ह्याच्यात,” तू डोळे न उघडता म्हणायचास. “तुझ्या घरचे भजे खायची हिंमत न्हाई आपली.”

आणि तुझी ती वही. लांबट, लाल कापडी पाठीची. किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली, पण तू त्यात इंजिनांचे आजार लिहायचास. डावीकडे लक्षण, उजवीकडे कारण. इंजिन दुरुस्त होऊन गेलं तरी कारण सापडल्याशिवाय पान पुरं झालं असं तू मानायचा नाहीस. “बरं झालं म्हणजे कळलं असं न्हाई, दिग्या.” मला ते सगळं फाजील वाटायचं. मी म्हणायचो, गाडी चालली ना, मग झालं. हा वाद आपण चौदा वर्षं घातला आणि तो मिटला नाही. आज सांगतो, तुझं बरोबर होतं. पण हे सांगायला मी बसलेलो नाही.

माणिकरावचा ट्रॅक्टर आला ते सोयाबीनचे दिवस होते. त्याच्या रानात कापणी होऊन ढीग लागलेला आणि मळणीयंत्र त्या ट्रॅक्टरवरच चालणार. येता येताच तो ओरडला, “अप्पा, ऑइलचा काटा झोपून राहिला रे! सकाळी उभा ऱ्हातो, इंजिन तापलं की झोपतो.”

मी लगेच म्हणालो, “जाड ऑइल टाकू. काटा उठल.”

“काटा उठल आन् इंजिन झोपल,” तू म्हणालास.

मग तू तुझ्या पद्धतीने एकेक गोष्ट बाजूला काढत गेलास. ऑइल कमी आहे का? नाही, पट्टीवर बरोबर. त्यात डिझेल मिसळलंय का? वास घेतलास, नाही. काटाच खोटा बोलतोय का? आपल्याकडचं दुसरं मीटर जोडून पाहिलंस. दाब खरंच कमी होता. मग पुढच्या चाकांचा धुरा सोडवून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलंस. ऑइल ओढायच्या नळीची जाळी तुंबलीय का? स्वच्छ. दाब जास्त झाला तर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मोडलीय का? धड. पंप उघडलास, गिअरचे दात आणि घर नखाने तपासलंस, ते ठीक. शेवटी उरली बेरिंगं. त्यांच्यावरच्या टोप्या उघडल्या तर बेरिंगांची चंदेरी कातडी निघून तांबडं दिसत होतं. फट वाढली की ऑइल तिथूनच गळून जातं, दाब राहणार कुठून? तू नवी बेरिंगं बसवलीस. एकेक टोपी कसायची आणि क्रँक हाताने फिरवून बघायची, पुन्हा पुढची. मी तुला अर्धा दिवस तेच करताना बघितलं. त्या कामात खोट नव्हती. हे मी तेव्हाही बघितलं होतं, अप्पा. हे वाक्य मी बावीस वर्षं कुणाला म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी मुरुडला तुझ्या मेव्हण्याचं, महानंदावहिनीच्या भावाचं लग्न होतं. राहिलं होतं फक्त धुतलेला पंप बसवणं, चेंबर लावणं आणि ऑइल भरणं. तू नवा सदरा घालून एसटीला निघालास आणि फाट्यावरून परत फिरून आलास, हे सांगायला, “दिग्या, पंपाला पाजल्याशिवाय बसवू नको हां. आन् चालू मी आल्यावर करू.”

पाजणं हा तुझा शब्द. पंप रॉकेलने धुतला की आतून कोरडा होतो. कोरडे गिअर हवा फिरवत बसतात, खालचं ऑइल वर ओढत नाहीत. म्हणून बसवण्याआधी त्याच्या तोंडात ऑइल ओतायचं, हाताने फेरे द्यायचे, दुसऱ्या बाजूने ऑइल आलं की मगच बसवायचा. मी तुझी चेष्टा केली, “जा की आता! पाजतो, आन् ढेकरही काढतो त्याचा.” तू हसत गेलास.

अप्पा, मी पार विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज एवढं जड झालं नसतं. पंप बसवताना माणिकराव डोक्यावर उभा होता. आभाळ भरून येतंय, ढीग उघडा पडलाय, तुम्हा मिस्त्री लोकांना काय त्याचं, असं एकसारखं चालू होतं. मी घाईत पंप लावला, चेंबर चढवलं, शेवटचा बोल्ट कसला, आणि तेव्हा मला आठवलं. तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. फिल्टरच्या जागेतून पिचकारीने ऑइल ढकलता आलं असतं. पाव तासाचं काम. पण माणिकरावसमोर पुन्हा फिल्टर खोलायचा म्हणजे चूक झाली म्हणायचं, आणि ते माझ्या तोंडातून निघालं नाही. तुझी वाटही मी बघितली नाही. ओढून घेईल आपोआप, असं स्वतःला सांगितलं आणि ट्रॅक्टर चालू केला.

काटा हलला नाही.

तू असतास तर तिथल्या तिथे इंजिन बंद केलं असतंस. मी रेस वाढवली. जोरात फिरला तर ओढेल म्हणून. मिनिटभर, कदाचित जास्तच, नवी बेरिंगं कोरडी फिरली. खालून घरघर आली ती मी ऐकली. मग काटा एकदम वर गेला आणि माणिकराव म्हणाला, “ह्या, झालं की! अप्पाच उगं देव देव करतो.” मी त्याच्याबरोबर हसलो.

तिसऱ्या दिवशी ऐन मळणीत इंजिन ठोकायला लागलं आणि जाम झालं. त्याच दिवशी पाऊस आला आणि ढीग भिजला.

ट्रॅक्टर ओढून आणला. तू लग्नाहून आला होतास, पण सकाळची पूजा आटोपून यायला तुला वेळ लागायचा. मी पहाट फुटताच गॅरेजला गेलो आणि चेंबर उतरवलं. पंप उघडला. आतल्या भिंतीवर खोल ओरखडे, झाकणावर निळी झाक. तू एक नजर टाकली असतीस तर पुढचं काही विचारायची गरज नव्हती. भंगारात त्याच मॉडेलचा एक धड पंप पडलेला होता. तो मी धुतला आणि जागेवर बसवला. खराब पंप फडक्यात गुंडाळून सायकलच्या पिशवीत टाकला. एवढंच केलं. दहा मिनिटंही लागली नसतील.

तू आलास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. ऑइल बरोबर. वास बरोबर. जाळी स्वच्छ. व्हॉल्व्ह ठीक. पंप हातात घेतलास.

“धुतलास का रे हा?”

“हाव.”

“बसवताना पाजला होता ना?”

“हाव अप्पा. तू सांगितलं होतं की.”

तू मान हलवलीस आणि पंप बाजूला ठेवलास. तुझ्या मनात संशय आला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या हातावर तू कधी संशय घेतला नाहीस. क्रँक निळी पडलेली, बेरिंगं वितळून चिकटलेली. एकेक कारण बाजूला काढत तू शेवटी जिथे पोचलास तिथे तूच उभा होतास. बेरिंगं कुणी बसवली? तू. बोल्ट कुणी कसले? तू. बाकी सगळं तर बरोबर होतं. आयुष्यभर ज्या रीतीने तू इंजिनांचे आजार शोधलेस त्याच रीतीने तू स्वतःला दोषी ठरवलंस, कारण मधली एक खरी गोष्ट मी उचलून नेली होती.

माणिकराव आला तेव्हा बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर माणसं थांबली. तो म्हणाला, “तुमचे भाऊबंद दुकानं चालवतात, तूबी गूळ-शेंगा तोल जा. इंजिनाला हात लावायचं काम न्हाई तुझं.” आणि तू हात जोडलेस. म्हणालास, “माझी चूक हाय, माणिकराव.”

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट तुला आठवत असेल. मी एका जीपच्या हवेच्या नळीत फडकं विसरलो होतो. मालक भांडायला आला तर तू पुढे होऊन म्हणालास, “आमची चूक झाली.” आमची. मला बोलूही दिलं नाहीस, आणि नंतर आठवडाभर मला फडकेवाले म्हणून हाक मारलीस. त्या बाजाराच्या दिवशी तुझ्या शेजारी मी उभा होतो, आणि तू आमची म्हणाला नाहीस. माझी म्हणालास. तुझ्या लेखी माझा भाग स्वच्छ होता.

तू ते इंजिन पुन्हा सगळं बांधून दिलंस. पण नंतर टोपी कसलीस की मला हाक मारायचास, “दिग्या, बघ रे एकदा, बरोबर बसलं का.” मी पाना लावून बघायचो आणि म्हणायचो, बरोबर आहे. एकेका बोल्टाला तीन-तीनदा. गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन हळूच सांगायला लागली, खालचं काम तुम्हीच बघा. मी बघायला लागलो. वर्षभरात तू मुरुडला निघून गेलास, सासुरवाडीच्या गावाला. बाजारात छोटं दुकान टाकलंस, पाण्याचे पंप आणि फवारणीयंत्रं दुरुस्त करायचं. मोठ्या इंजिनाला तू परत हात लावला नाहीस. लोक म्हणाले, अप्पाला बायकोच्या गावची ओढ. मीही तेच सांगत राहिलो.

एकदा मी आलो होतो. ठरवून आलो होतो, तो पंप पिशवीत घालून. तू मला बघून एवढा खूश झालास की शेजारच्या दुकानातून खुर्ची ओढून आणलीस. वहिनीने थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली. तू तुझ्या बोटांनी एका लहानशा पंपाचं झाकण लावत होतास, आणि बघता बघता थांबून म्हणालास, “दिग्या, त्या माणिकरावच्या इंजिनात काय ऱ्हायलं असंल रे माझ्याकडून?”

पिशवी माझ्या पायाशी होती. तू पाय लांब केला असतास तर तुला लागली असती.

मी म्हणालो, “जाऊ दे की अप्पा. लई जुनं झालं.”

तू म्हणालास, “हाव. जुनं झालं.” आणि झाकण पुन्हा उघडून पुन्हा लावलंस.

परतीच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, जड आहे का, खाली ठेवा की. मी ठेवली नाही.

तुला माती देऊन तुझ्या घरी आलो तेव्हा वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, आजारपणातबी एकच. काय ऱ्हायलं, काय ऱ्हायलं. आमाला वाटायचं, जेवण ऱ्हायलं म्हणतेत का औषध.” मला माहीत होतं तू काय म्हणत होतास. मी उठून हात धुतले आणि नायगावला आलो.

दुसऱ्या दिवशी पंप घेऊन सलीमच्या गॅरेजला गेलो. सलीमला तू ओळखत नाहीस. आपली जागा आता तो चालवतो. कामाचा माणूस आहे, ऐकून काम करतो. माणिकरावलाही मी निरोप देऊन बोलावलं होतं. तो काठी टेकत आला, आता त्याला नीट दिसत नाही. मी फडकं सोडलं आणि पंप सलीमच्या हातात दिला.

“बघ बरं. काय झालं असंल ह्याला?”

त्याने झाकण काढलं, पंप उजेडाकडे वळवला, आतून नख फिरवलं. तुझ्यासारखंच.

“कोरडा फिरलाय, चाचा. न पाजताच बसवलाय कुणीतरी.” मग हसून म्हणाला, “कुठल्या गाढवानं बसवला?”

“मी,” मी म्हणालो. “माणिकरावच्या ट्रॅक्टरला.”

सलीमचं हसणं गेलं. माणिकराव काही वेळ काठीच्या मुठीवर हात घासत बसला. मग म्हणाला, “मंग मी अप्पाला त्या दिवशी...” माझ्या आवाजाकडे तोंड वळवून त्याने विचारलं, “तू तिथंच उभा होतास ना रे?”

“हाव. तिथंच होतो.”

सलीमच्या गॅरेजवर दुपारी सगळे मिस्त्री चहाला जमतात. त्यांच्यासमोर मी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, पाव तासाच्या कामासकट. एकदोघे मान खाली घालून उठून गेले. त्यांचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते सलीमचं. त्याने पंपाचं झाकण परत लावलं, बोल्ट हाताने फिरवले आणि पंप माझ्या हातात न देता बाकावर ठेवला.

काल मी मुरुडला गेलो. वहिनीला सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातल्या सुपातले खडे वेचत होत्या. माझं संपल्यावर त्या आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आल्या त्या तुझी लाल पाठीची वही घेऊन. पान त्यांनी शोधलं नाही. वही आपसूक तिथेच उघडली, एवढी ती तिथे उघडली गेली होती.

डावीकडे लक्षण. माणिकराव, ट्रॅक्टर, नवी बेरिंगं जाम. उजवीकडे तू कारणं लिहून लिहून खोडली होतीस. निळ्या शाईत, काळ्यात, मग पेन्सिलीने. बोल्ट जास्त कसला. खोडलेलं. बेरिंगात कचरा राहिला. खोडलेलं. क्रँकचं माप चुकलं. तेही खोडलेलं. सगळ्यात खाली, अलीकडच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, हात चुकला, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते खोडलेलं नव्हतं. एवढ्या कारणांत पंपाचं नाव तू कुठेच लिहिलं नव्हतंस, अप्पा. पंप मी पाजला असं मी सांगितलं होतं ना.

वहिनीने पेन दिलं. मी तुझी ओळ खोडली नाही. तुझ्या वहीत खोडायचा मला हक्क नाही. खाली लिहिलं, पंप न पाजता कोरडा बसवला, मग खराब पंप बदलून लपवला. बसवणारा आणि लपवणारा, दिगंबर.

वहिनीने वही घेतली. बोट फिरवत ती ओळ वाचली, परत एकदा वाचली. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा बोल लावतील. मी त्यासाठीच गेलो होतो बहुतेक. पण त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. चहा विचारला नाही. मीही उठलो, चपला घातल्या. दारात होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या,

“गेल्या पोळ्यापर्यंत त्यायला वाचाय येत होतं, भाऊजी. बिगर चष्म्याचं.”